पाणी न घालणारा राजा

एका राज्यात, जिथं ऊन कोवळं आणि माणसं फार मायाळू, मंदारसेन राजा नांदत होता. त्याची एकुलती लेक वेत्रवती. तिला मागणी घालायला कालजंघ मांत्रिक आला, दाढी गुडघ्याला लागलेली.

वेत्रवतीनं विचारलं, "महाराज, वर आपण की वरबाप?"

दरबार हसला. मांत्रिक हसला नाही. त्यानं चिमूटभर राख फुंकली, आणि राजकन्येच्या जागी कुंडीत जिरेनियमचं झाड उभं राहिलं. गोल पानं, कडेला झालर, चोळलं की उग्र गोड वास.

"हे फुललं तर लेक परत मिळेल," मांत्रिक म्हणाला. "कुजलं तर गेली. आणि तुमची मायाच तिला मारील."

आता त्या राज्याची रीत अशी, की आंघोळ झाली की तुळशीला तांब्याभर पाणी घालायचं. तुळशीला घालायचं, मग राजकन्येला नको का? राजानं घातलं, राणीनं घातलं, मग आचाऱ्यानं, भालदारानं, गावच्या आयाबायांनी. कुंडीत चिखल झाला. पानं पिवळी पडली, खोड खालून काळं पडत वर चाललं.

"तहानली असेल पोर," राजा म्हणाला, आणि आणखी एक तांब्या ओतला.

तेव्हा कठड्यावर साळुंकी येऊन बसली.

"राजा, लेकीला बुडवतोस का?"

"पाणी घालतो आहे, बाई."

"तेच म्हणते मी. तुळस निराळी, ही निराळी. तीन कामं सांगेन. करशील?"

"प्राण माग."

"प्राण नको. सुरी आण."

पहिलं काम, शेंड्याकडची हिरवी फांदी पेराखाली कापायची. राजानं लढाया मारल्या होत्या, तरी सुरी टेकवताना डोळे मिटून घेतले. राणी म्हणाली, "अहो, डोळे उघडून कापा." त्यानं कापली. कुजलेलं खोड टाकून दिलं.

दुसरं काम, फांदी सावलीत कोरडी ठेवायची, जखमेवर खपली धरेपर्यंत. हे फार अवघड गेलं. सगळे तांबे घेऊन आले. राजा दारात तलवार धरून उभा.

"एक थेंब, महाराज," आचारी म्हणाला.

"थेंबही नाही."

"बाप आहे की वैरी," म्हातारी दासी पुटपुटली. राजा दारातून हलला नाही.

खपली धरली, तशी फांदी नव्या कुंडीत रेताड मातीत लावून उन्हात ठेवली. माती बोटभर खोल कोरडी लागली तरच पाणी. हळूहळू नवं पान आलं, मग दुसरं. राजा पानांशी बोलू लागला.

तिसरं काम ऐकून मात्र तो खालीच बसला. वाढलेला शेंडा खुडायचा होता.

"आत्ता कुठं वाढते आहे ती."

"खुडलं की फुटतं," साळुंकी म्हणाली.

राजानं नखानं शेंडा खुडला. तिथून दोन फांद्या फुटल्या, दोन्हींवर कळ्यांचे झुबके धरले. एका सकाळी पहिलं शेंदरी फूल उमललं, कुंडी तडकली आणि वेत्रवती उभी राहिली. त्याच घटकेला मांत्रिकाची जादू उतरली. उरला एक साधा म्हातारा. लेक परतली म्हणून पंगत उठली, तेव्हा राणीनं त्यालाही बोलावून पानावर बसवलं.

वेत्रवतीनं डोक्याला हात लावला. "आबा, माझी लांब वेणी होती. ह्या दोन आखूड कुठून आल्या?"

"मीच कापली, बाळ. पाणीही देत नव्हतो तुला."

"कळत होतं मला. तेव्हाच श्वास घेता आला." मग ती हसली. "आता मात्र द्या. तहान लागली आहे."

आणि सगळं राज्य तांबे घेऊन धावलं.