करकरणारं कपाट

खांबेटेबाईंच्या ओट्याखालचं कपाट रोज सकाळी साडेपाचला असं करकरायचं, की खालच्या मजल्यावरचे निवृत्त आयुक्त धुरंधरसाहेब अंथरुणात उठून बसायचे. बाई पहिल्यापासून एकट्या. साहेब वर्षभरापूर्वी बायको गेल्यापासून. सोसायटीचे अध्यक्ष तेच. त्यांनी स्वतःकडेच तीन तक्रार अर्ज केले, तिन्ही मंजूर केले आणि सुताराला घेऊन वर आले.

"बाई, या नव्या बिजागऱ्या. जराही आवाज करत नाहीत. आज बसवायच्याच. अध्यक्षांचा आदेश समजा!"

"बसवा की," बाई शांतपणे म्हणाल्या. "फक्त उद्यापासून रोज साडेपाचला वर येऊन माझी बेल वाजवत जा."

"मी? ते कशाला?"

"मी आहे की गेले, ते बघायला. मागे मी तापानं पडले होते, तेव्हा दोन दिवस कपाट करकरलं नाही. तुम्हाला छान झोप लागली असेल; वहिनी मात्र धावत वर आल्या. आता त्या नाहीत. कपाटही गप्प केलंत, तर माझी खबर घेणार कोण?"

साहेबांनी सुताराला बिजागऱ्यांसकट परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला कपाट करकरलं आणि खालून छताला काठीचे दोन ठोके बसले. बाई दचकल्या, मग गालात हसल्या. तक्रार असती, तर साहेबांनी अर्ज केला असता.