घासलेटाच्या पोटातलं पाणी

"घासलेटात पाणी मिसळतोस आणि उरलेलं तेल बाहेर विकतोस! महिनाभर तुरुंगात बसलास की डोकं ठिकाणावर येईल!"

कोंढवळी संस्थानचे गिरजोजीराव महाराज कडाडले. समोर त्यांचा दिवाबत्तीवाला कुशाबा मान खाली घालून उभा होता. थंडी पडल्यापासून रोज दिवेलागणीला राजवाड्यातल्या कंदिलांतलं घासलेट गढूळ व्हायचं, वाती तडतडायच्या. काल पाहुण्या राजेसाहेबांची पंगत बसली आणि ऐन श्रीखंडाच्या वेळी दिवे मिणमिणले. महाराजांचं नाक कापलं गेलं. आता दुसऱ्या कुणाचं तरी कापायला हवंच होतं!

कुशाबाची बायको साळू मागे पदर खोचून उभी होती. नवरा चोर असता तर तिनंच त्याला आधी फैलावर घेतलं असतं. पण बाजारातून आणलेल्या कोथिंबिरीचा हिशेब चुकला तरी ज्याला घाम फुटतो, तो कसली चोरी करणार? तिला त्याची कीव आली आणि महाराजांचा राग आला.

"सरकार, हेच तेल दुपारी कसं दिसतं?" तिनं विचारलं.

"नितळ!"

"तळाला पाणी?"

"थेंबभरही नाही."

"मग ह्यांनी पाणी ओतलं असतं, तर ते तळाला बसलं नसतं का?"

प्रश्न बिनतोड होता. पण हार मानतील तर ते महाराज कसले! "तेलाच्या पोटात लपवलंय त्यानं! एवढी शहाणी आहेस, तर ते लपलेलं पाणी मोजून दाखव. आत्ता, भर दुपारी. तेल तापवायचं नाही, गार करायचं नाही. आणि ते कोणी घातलं तेही सांग. नाहीतर तूही जा नवऱ्यासोबत!"

कुशाबानं डोळे मिटले. साळू मात्र घरी पळाली आणि तोंड घट्ट बांधलेलं, पांढऱ्या भुकटीचं मातीचं बुडकुलं घेऊन आली. तिचं माहेर रंगाऱ्यांचं. मोरचूद, म्हणजे रंगकामातला निळा खडा, तव्यावर भाजला की त्याचा निळा रंग उडून पांढरी भुकटी होते, आणि नुसता ओला हात लागला तरी ती पुन्हा निळी पडते, हे तिनं लहानपणापासून पाहिलं होतं.

तिनं कोठीतला एक सीलबंद डबा फोडायला लावला. त्यातलं पेलाभर घासलेट काचेच्या बरणीत घेऊन चिमूटभर भुकटी टाकली आणि बरणी हलवली. भुकटी निळसर झाली. दुसरी चिमूटही झाली. तिसरी मात्र पांढरीच राहिली.

"नव्या तेलात पाणी दोन चिमटींचं," साळू म्हणाली.

"चिमटीचा काय भरवसा!" महाराज गुरगुरले.

"सरकारांच्या आमटीत मीठ कशानं घालतात?"

महाराजांनी मिशीवर हात फिरवला आणि विषय सोडला.

मग डबे ओतून ज्यातून रोज कंदील भरत, त्या राजवाड्याच्या पिंपातलं तेवढंच तेल आलं. तेही तसंच नितळ. पण एक, दोन, तीन, चार... सात चिमटी निळ्या झाल्या! आठवी पांढरी राहिली.

"बघा! घातलंय पाणी!" महाराज ओरडले. कुशाबानं कपाळाला हात लावला.

"सरकार, आता पिंपातल्या दुसऱ्या पेलाभर तेलात आपणच पळीभर पाणी ओता. खुशाल घुसळा. तरी चिमटी सातच निळ्या होतील!"

"अशक्य!"

महाराजांनी स्वतः पाणी ओतलं, बाह्या सरसावून बरणी घुसळली. घटकाभरानं पाणी सगळं तळाला बसलं. साळूनं वरचं तेल अलगद काढून घेतलं आणि चिमटी टाकल्या. निळ्या झाल्या सातच!

"तेलाचं पोट एवढंसं," साळू म्हणाली. "भरलं की वरून घागर ओता, ते पीत नाही. दुपारच्या उबेत जरा जास्त पितं. गारठा पडला की तेवढं पोटात मावत नाही. म्हणून संध्याकाळी गढूळ!"

"पण दोनाच्या सात झाल्या कशा? कोणी पाजलं त्याला पाणी?"

"पिंपापाशी चला, सरकार."

पिंप उघडंच होतं. त्याच्या तोंडावर भिजलेलं गोणपाट पसरलं होतं आणि एक शिपाई त्यावर इमानेइतबारे पाणी शिंपडत होता.

"हे काय चाललंय?" महाराज खेकसले.

शिपायानं सलाम ठोकला. "दिवसातून तीनदा, सरकार! तेलाला आग लागू नये म्हणून आपणच हुकूम दिलाय!"

शिपायाच्या हातातला तांब्या हवेतच राहिला.

साळूनं पदर सावरला. "गुन्हेगार सापडला, सरकार. तेल दिवसभर ह्या ओलाव्याखाली असतं, तो ओलावाच हळूहळू पितं. आता महिनाभर तुरुंगात कोणाला पाठवायचं, तेवढं आपण सांगा!"

महाराजांचा चेहरा आधी लाल झाला, मग मिशा हलल्या, आणि मग ते असे खदाखदा हसले की फेट्याचं टोक सुटून खांद्यावर आलं.

"हुकमाला टाका तुरुंगात!" ते डोळे पुसत म्हणाले. "गोणपाट काढा, पिंपाला घट्ट झाकण बसवा! साळूबाई, जरीकाठी लुगडं तुमचं, आणि आजपासून दिवाबत्तीचं सगळं खातंही तुमचं. कुशाबा, तू आता बायकोच्या हाताखाली!"

"सरकार," कुशाबा हात जोडून म्हणाला, "नवीन काय सांगितलंत?"