ऑप्शन बी

“मग दोष कुणाचा, गुरुजी? त्या यंत्राचा, का माझा?”

मुजावर गुरुजींनी मान वर केली नाही. ते अंगणात बसून चिंचा फोडत होते. चिंचोके एकीकडे, गर एकीकडे.

“आधी बस,” ते म्हणाले. “आणि बसल्या बसल्या दोन चिंचा फोड.”

उन्मेष धायगुडे बसला. चिंच हातात घेतली, पण फोडायचं भान कुठलं! हा गावच्या शाळेतला इंग्रजीचा मास्तर. वयानं तरणा, उत्साह म्हणाल तर उतू जाणारा, आणि आपल्यासारखा शिक्षक पंचक्रोशीत नाही याची मनातून पक्की खात्री. गावाच्या मागे लागून त्यानंच वर्गणी काढायला लावली होती आणि वर्गाच्या भिंतीवर भलामोठा डिजिटल फळा बसवून घेतला होता.

बोट लावलं की चित्र यायचं. चित्राखाली प्रश्न, प्रश्नाखाली चार पर्याय. बरोबर पर्यायावर बोट टेकलं की टाळ्या वाजायच्या, तारे उडायचे, पोराच्या नावापुढे गुण चढायचे. चुकलं की भसाडा भोंगा.

पोरं नुसती वेडी झाली होती. सुट्टीच्या दिवशीसुद्धा शाळेच्या कट्ट्यावर येऊन बसायची. न जाणो, सर आलेच आणि कुलूप काढलंच तर!

उद्घाटनाच्या दिवशी उन्मेष माइकवर बोलून गेला होता, “आता घोकंपट्टीचे दिवस गेले.” समोर पहिल्या रांगेत मुजावर गुरुजी बसले होते. याच शाळेत त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलेलं. सगळ्या गावाच्या नजरा त्यांच्याकडे वळल्या. सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या त्या गुरुजींनीच.

आणि आता तोच गडी त्यांच्या अंगणात मांडी घालून बसला होता.

“झालं काय, ते नीट सांग,” गुरुजी म्हणाले.

“काल तालुक्याच्या मॅडम आल्या होत्या वर्ग बघायला. पोरांनी फळ्यावर पटापट उत्तरं दिली. एक चूक नाही. मॅडम खूश. मग त्यांनी काय केलं, फळा बंद केला आणि केतकीला जवळ बोलावलं.”

“खोताची केतकी?”

“हो. गुणांत कायम सगळ्यांच्या वर. मॅडमनी तिला इंग्रजीत विचारलं, आज सकाळी काय खाल्लंस? साधा प्रश्न, गुरुजी. त्यातला शब्द न् शब्द तिला येतो.”

“मग?”

“ती बंद फळ्याकडे बघत राहिली.”

गुरुजींचे हात थांबले.

“पर्याय यायची वाट बघत होती... ते कुठून येणार? तिचं तोंड एवढंसं झालं. मागून कुणीतरी मदत करायची म्हणून हळूच सांगितलं, ‘ऑप्शन बी.’ आणि पोरीनं मॅडमना तेच ठणठणीत आवाजात सांगितलं. सकाळी काय खाल्लंस... तर ऑप्शन बी!”

गुरुजींच्या मिशा हलल्या. हसू आलं होतं खरं, पण उन्मेषचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं.

“मॅडम हसल्या. वाईट बाई नाहीत त्या, पण हसल्या. मग अख्खा वर्ग हसला. आज केतकी शाळेत आली नाही. घरी गेलो तर तिनं आतून कडी लावलेली. तिची आई म्हणाली, पोरगी म्हणतीय मला इंग्रजी नको, शाळा पण नको.”

बोलता बोलता उन्मेषनं मूठ आवळली. चिंच तशीच मुठीत.

“कॉलेजात पहिल्या दिवशी इंग्रजीत नाव सांगताना मी अडखळलो होतो, गुरुजी. तेव्हा असाच वर्ग हसला होता. कितीतरी दिवस मी तोंड चुकवत फिरायचो. आपल्या पोरांवर ही पाळी येऊ द्यायची नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप केला. आणि माझ्याच वर्गात, माझ्याच फळ्यासमोर...”

गुरुजींनी हातातली चिंच फोडली. चिंचोका टपकन पाटीत पडला.

“उद्याच उतरवतो तो फळा,” उन्मेष म्हणाला. “अडगळीत टाकतो.”

“उतरव की. पण उद्या नको.”

“का?”

“उद्या मी येतोय शाळेत. मला बघायचाय तो. उद्घाटनाला नुसता लांबून दाखवलात तुम्ही.”

आता हा टोमणा म्हणायचा का काय? उन्मेषनं चमकून पाहिलं. पण गुरुजींच्या चेहऱ्यावर टोमण्याचं नाव नव्हतं. जत्रेत पाळणा बघायला निघालेल्या पोराचं तोंड असतं ना, तसं ते दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आले ते केतकीचा हात धरून. पोरगी खाली मान घालून चाललेली. उन्मेषचा जीव भांड्यात पडला, पण कोड्यातून काही तो सुटला नाही.

“कशी काय आली ही?” त्यानं हळूच विचारलं.

“मला मोतीबिंदू झालाय. म्हटलं, शाळेपर्यंत पोचव बाई. आता परत न्यायला थांबावंच लागणार तिला.”

एवढं बोलून गुरुजी पोरांच्या रांगेत सतरंजीवर बसले. लुंगी, डोक्यावर जाळीची टोपी, शेजारी केतकी. उन्मेषनं फळा सुरू केला आणि लगेच गुरुजींचा हात वर. “सर, मी! सर, मी!”

वर्गात खसखस पिकली.

फळ्यावर शेळीचं चित्र आलं. बाईच्या गोड आवाजात प्रश्न आला, “व्हॉट इज धिस?” खाली चार शब्द. गुरुजींनी बराच विचार करून ‘कॅमल’वर बोट ठेवलं.

भोंगा.

“चुकलं, गुरुजी!” पोरं ओरडली.

गुरुजींनी डोकं खाजवलं आणि ‘एलिफंट’वर बोट ठेवलं. परत भोंगा. फळ्यानं ‘गोट’ हा शब्द आपणहून हिरवा करून दाखवला, चित्र पालटलं आणि तो पुढच्या प्रश्नाला लागला. त्याला काय, कुणाला कळलं न कळलं!

गुरुजी मात्र तिथंच उभे.

“आय डोन्ट नो गोट,” ते म्हणाले. “केतकी, टेल मी. व्हॉट इज गोट?”

केतकी दचकली. सवयीनं तिची नजर भिंतीकडे गेली. तिथं आता बदक होतं.

“शेळी, गुरुजी,” ती पुटपुटली.

“नो मराठी. आय ॲम फ्रॉम लंडन.”

झालं! लुंगीतला लंडनवाला बघून पोरं गडबडा लोळायची बाकी राहिली. केतकीच्याही ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. उन्मेष दाराच्या चौकटीला टेकून बघत होता. पोरीला परत कोंडीत धरतायत की काय, या भीतीनं तो पुढे व्हायच्या बेतात होता.

“गोट...” केतकी म्हणाली. मग तिनं चार बोटं वर केली. “गोट... फोर लेग्ज.”

“आय नो!” गुरुजी आनंदानं ओरडले. “चेअर!”

“नो!” अख्खा वर्ग.

“नो चेअर,” केतकी म्हणाली. “ईट ग्रास.”

“काऊ!”

“नो काऊ! स्मॉल!”

“बेबी काऊ!”

आता मात्र पोरांना बसवेना. कुणी डोक्यावर बोटांची शिंगं धरली. कुणी हनुवटीखाली दाढी दाखवत “बिअर्ड! बिअर्ड!” करू लागलं, तर गुरुजी म्हणाले, “ओह, माय ग्रँडफादर!” कुणी बें बें करून बघितलं. लंडनवाल्याला तेही उमगेना. मागच्या रांगेत दोघं तर गुरुजींना कसं समजवायचं यावरून आपापसांत भांडायला लागले, आणि तेही जमेल तसं इंग्रजीतच.

केतकी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. पोरगी खरोखर चिडली होती. इतकं सांगूनही माणसाला कळू नये म्हणजे काय!

“नो, नो, नो! गोट इज बॅड! माय हाऊस गोट... माय हाऊस गोट व्हेरी बॅड! दॅट डे मॉर्निंग आय नो ईट! गोट ईट माय भाकरी!”

उन्मेषच्या अंगावर काटा आला. मॅडमनी विचारलं होतं, त्याचं हे उत्तर होतं. त्या दिवशी सकाळी पोरीनं काही खाल्लंच नव्हतं. हा पर्याय कुठल्या फळ्यावर येणार होता?

“युवर भाकरी?” गुरुजींनी डोळे मोठे केले. “ऑल?”

“ऑल!” केतकी म्हणाली. “अँड चटणी!”

मग वर्ग जो हसला, तो हसतच राहिला. सगळ्यांत मोठ्यानं केतकी हसत होती. भिंतीवर वेळ संपल्याचा भोंगा वाजला, परत वाजला, तारे विझले, गुण थांबले. तिकडे कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

शाळा सुटली. केतकी दारात गुरुजींच्या चपला सरळ करून वाट बघत उभी होती. मैत्रिणींना जाता जाता सांगत होती, उद्या थांबा गं माझ्यासाठी, मी येणार आहे. उन्मेषनं ते ऐकलं. त्याला रडू येईल असं वाटलं आणि त्यानं नाक शिंकरल्यासारखं केलं.

मग तो गुरुजींजवळ जाऊन बसला.

“एक विचारू? तुम्हाला इंग्रजी येतं हे या पोरांना पक्कं ठाऊक आहे. त्यांच्या बापांना तुम्हीच शिकवलंत.”

“ठाऊक आहेच की.”

“मग ती तुम्हाला सांगायला एवढी जिवाच्या आकांतानं का धडपडली?”

“मला येत नव्हतं म्हणून.”

उन्मेषनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. म्हाताऱ्याच्या तोंडावर हसू नाही की काही नाही. खिडकीतून ऊन येऊन फळ्याच्या काळ्या काचेवर पडलं होतं आणि त्यात रिकामा वर्ग दिसत होता.

उन्मेष उठला. भिंतीजवळ गेला. खिशातून त्यानं पेचकस काढला. सकाळी घरून निघतानाच घेतला होता.

“आलं लक्षात, गुरुजी,” तो म्हणाला. “उतरवतो आता हा.”

गुरुजी गुडघ्यावर हात टेकत उठले. त्याच्यापाशी आले, त्याच्या हातातला पेचकस काढून घेतला आणि परत त्याच्याच खिशात ठेवला. खिशावरून एकदा हातही फिरवला.

“पण तुम्हीच तर आज...” उन्मेष गोंधळला. “आता याचं करायचं काय मग?”

गुरुजींनी फळ्याकडे पाहिलं. नवीन आलेल्या पोराकडे बघावं तसं, मायेनं.

“उतरवतोस कशाला रे? त्याला अजून पोरांनी काही शिकवलंच नाही.”