महाराजांचा खुबडंग

"खुबडंग!" बावनगडचे इंद्रसेन महाराज सिंहासनावरून गरजले. "हा शब्द आम्ही आज सकाळी दात घासताना तयार केला. त्याचा अर्थ लिहून या डबीत बंद करून ठेवलाय. उद्या सूर्य मावळायच्या आत शाळेतल्या पोरांनी तो ओळखावा. नाही ओळखला, तर शाळा बंद! तिथं आमचे शिकारी कुत्रे राहतील!"

"वा, वा!" साऱ्या सरदारांनी माना डोलावल्या.

महाराजांच्या मागे उभ्या असलेल्या तानूच्या हातातला पंखा क्षणभर थांबला. तिची सगुणा त्याच शाळेत होती. बारा वर्षं पंखा ढाळून तानूचे खांदे भरून आले होते, आणि तो पंखा लेकीच्या हाती जाऊ नये एवढाच तिचा हट्ट होता. आता तिथं कुत्री बसणार म्हणे!

ही आग लावली होती राजपंडित त्र्यंबकशास्त्र्यांनी. शाळेत पूर्वी त्यांचा कोश घोकून घेत. नवे केरोबा गुरुजी आले आणि त्यांनी तो कोश उचलून फळीवर ठेवला. ते मुलांना सांगत, "शब्द अडला तर घाबरू नका. त्याच्या आजूबाजूला बघा. शेजारचे शब्द चुगली करतातच!" शास्त्रीबुवांच्या कोशावर धूळ बसली आणि शास्त्रीबुवांचं पित्त खवळलं. त्यांनी महाराजांचे कान भरले. महाराज हट्टी, त्यात नवे शब्द तयार करायची भारी हौस. मग काय विचारता!

संध्याकाळी तानू शाळेत गेली तर गुरुजी डोक्याला हात लावून बसलेले.

"तानूबाई, वाक्यातला शब्द असता तर पोरांनी चुटकीसरशी ओळखला असता. हा नुसताच शब्द! याला आजूबाजूच नाही!"

"मग आजूबाजू आणू की, गुरुजी!" तानू म्हणाली. "मी बारा वर्षं त्यांच्या मागं उभी हाय. महाराजांचं पोट दुखलं तर ते सोसतील, पण त्यांचा शब्द कुणी चुकीचा वापरला की त्यांना दम निघत नाही. सरदारांना हे ठावं हाय, म्हणून तर ते तोंड उघडत नाहीत."

दुसऱ्या दिवशी पोरं दरबारात ओळीनं बसली. गुरुजींनी हात जोडले. "महाराज, अर्थ आम्ही कुणालाच विचारणार नाही. मुलांना तो शब्द वाक्यात वापरायची तेवढी परवानगी असावी."

"वापरा की! हवा तेवढा वापरा!" महाराज मिशीवर ताव देत म्हणाले. "आमच्या तोंडून अर्थ निघायचा नाही!"

सगुणा उठली. "काल आईनं खुबडंगाची भाजी केली. वरून लसणाची फोडणी दिली."

"फोडणी?" महाराज ताडकन सरळ बसले. "अगं पोरी, खुबडंगाची कसली भाजी! खुबडंगच दोन्ही वेळ आमच्या मुदपाकखान्यात भाज्या हाणतो!"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हणजे हा जिवंत आहे आणि फुकटचं जेवतो. तानूनं मागून पंखा जरा जोरात हलवला.

कुंभाराचा म्हादू उठला. "आमच्या खुबडंगानं काल गाडीभर माती वाहिली."

"माती? खुबडंग काडीसुद्धा उचलत नाही रे! नुसता बसून असतो!"

तेलिणीची गिरजा म्हणाली, "आमच्या दारचा खुबडंग चोर दिसला की भुंकतो."

"तो काय भुंकणार! समोर चोर आहे की साव आहे, हे त्याला समजलं तर ना!"

इथं महाराजांनी जीभ चावली. पण पोरं आता रंगात आली होती. सगुणानं पुन्हा हात वर केला. "खुबडंगाला काही समजलं नाही की तो लगेच विचारतो, 'गुरुजी, परत एकदा सांगा.'"

"विचारतो?" महाराज सिंहासनावरून उठलेच. "खुबडंग, आणि विचारणार? विचारलं असतं तर तो खुबडंग झालाच कशाला असता! तो मान डोलावतो, मान!"

"वा, वा! अगदी बरोबर, महाराज!" सरदारांनी माना डोलावल्या.

पोरं एका सुरात ओरडली, "ज्याला काही कळत नाही आणि तरी जो मान डोलावतो, तो खुबडंग!"

डबी उघडली. कागदावर नेमकं तेच लिहिलेलं होतं.

"तुम्हांला हे सांगितलं कुणी?" महाराज कडाडले.

"शेजारच्या शब्दांनी, महाराज," सगुणा म्हणाली. "आणि ते सगळे आपलेच होते."

"लबाडी आहे ही!" शास्त्रीबुवा पुढे सरसावले. "अर्थ पाठ म्हणून दाखवला म्हणजे झालं का? उदाहरण देता आलं पाहिजे!"

"हो, उदाहरण हवंच!" महाराजही हट्टाला पेटले. "त्याशिवाय शाळा वाचायची नाही!"

सगुणानं आईकडे पाहिलं. तानूनं पंखा खाली ठेवला आणि बारा वर्षांत पहिल्यांदा दरबारात तोंड उघडलं.

"शास्त्रीबुवा, रागावू नका. पण आपण आत्ता किती टोपाळ बोललात!"

शास्त्रीबुवांची कळी खुलली. त्यांनी मान डोलावली. "आम्ही नेहमी टोपाळच बोलतो."

"वा, वा! फारच टोपाळ!" सरदारांनीही माना डोलावल्या.

"महाराज, हा शब्द मी आत्ताच तयार केला," तानू म्हणाली. "त्याला अजून अर्थच नाही."

दरबारात डोलणाऱ्या माना जागच्या जागी थांबल्या. सगुणा बोट नाचवत मोजू लागली, "एक खुबडंग, दोन खुबडंग, तीन खुबडंग…"

महाराजांना हसू आवरेना. ते इतके हसले की पगडी सुटून मांडीवर आली. डोळे पुसत ते म्हणाले, "शाळा वाचली! गुरुजींना शंभर मोहरा द्या, आणि शाळेला नवं कौलारू छप्पर घाला. हे सगळे खुबडंग उद्यापासून पोरांच्या मागच्या ओळीत बसतील. तानूबाई, तूही तिथंच जा, पण पहिल्या ओळीत!"

"आणि पंखा, महाराज?" तानूनं विचारलं.

महाराजांनी शास्त्रीबुवांकडे पाहिलं. शास्त्रीबुवांनी सवयीप्रमाणे मान डोलावली.