पंतांचा खोल विचार

बार्शीच्या बुद्धिबळ स्पर्धेत पिठाची गिरणी चालवणाऱ्या यमुनाताई डोईफोडेंची गाठ पडली ती थेट दिगंबरपंत चौबळांशी. पंतांचं रेटिंग बावीसशे, ताईंचं जेमतेम हजार.

डाव सुरू होतो न होतो तोच पंत पंचांवर खेकसले, "या बाईंच्या बांगड्या वाजतात, माझ्या विचारात व्यत्यय येतो!"

ताईंनी बांगड्यांवर रुमाल बांधला. मग त्यांना शिंक आली, आणि पंतांची दुसरी तक्रार गेली. पंच म्हणाले, "ताई, आता हूं की चूं केलंत तर डाव गेला तुमचा."

ताई श्वाससुद्धा हप्त्याहप्त्यानं घेऊ लागल्या. पण पंतांनी दुपारी अठरा पुरणपोळ्या हाणल्या होत्या. ऐन स्वतःच्या खेळीला त्यांची मान लवंडली आणि घोरण्याचा असा भोंगा सुटला की पटावरची प्यादी आपोआप पुढे सरकायला लागली. ताई ती मुकाट्यानं जागच्या जागी ठेवत राहिल्या. पंतांचं घड्याळ चालूच होतं. वेळ संपली तेव्हा कुठे ते दचकून जागे झाले.

"दगा! मला हलवलं का नाही?"

"अगं बाई! तुमच्या विचारात व्यत्यय आणू?"

"मी घोरत होतो!"

"आता बावीसशेवाले विचार कसा करतात, ते हजारवालीला काय ठाऊक? मी म्हटलं, फार खोल गेलेत."

पंचांनी कागद पुढे ओढला. "पंत, काय लिहू? झोप की विचार?"

अख्खं सभागृह माना वळवून बघत होतं. पंतांनी मिशीवरून हात फिरवला.

"विचार," ते म्हणाले, आणि हरल्याची सही केली.