नाव घेतल्याबिगर पालखी हलत नाही

पाव्हणं, देवळापुढचा हा चौथरा बघा. ह्याला नावाचा चौथरा म्हणतात. अहो, पाय नका ठेवू त्यावर! आमच्या धामणखेड्याच्या भैरोबाची पालखी इथनं उठते, आणि खांदा देणाऱ्या प्रत्येक गड्याला आधी बायकोचं नाव घ्यावं लागतं. हो, उखाण्यात. हसा खुशाल, सगळेच हसतात.

ह्याचं मूळ निघतं पार फ्रान्सच्या बादशहापाशी. त्यानं म्हणे फौजेत जन्माचा मान मोडला. पोरगा सरदाराचा असो की पखालवाल्याचा, अंगात पाणी असेल तो पुढं. शेवटी बादशहा हरला आणि त्याचे शिपाई पोटासाठी देशोदेशी पांगले. त्यातला मुसा लांबेर (फिरंगी साहेबाला तेव्हा 'मुसा' म्हणत) इथल्या सरदाराच्या पदरी कवायत शिकवायला राहिला. नाव लांबेर, पण गडी बुटका, आणि तापट म्हणजे केवढा!

त्या साली पालखी अडून बसली होती. पुढचा दांडा कुणी धरायचा, ह्यावरनं वरच्या आळीचे येसाजी पाटील आणि खालच्या आळीचे पाटील हातघाईवर आलेले. देव नदीवर जाईना. बिनअंघोळीचा देव शेतं कशी राखणार? गाव हवालदिल झालं. ते बघून मुसा भडकला. "मान कसला? खांदा दाखवा!" म्हणत त्यानं लोहार, न्हावी, पाटील, सगळे एका रांगेत उभे केले आणि तलवार उपसून गरजला, "आंन्नावां!"

त्याच्या भाषेत ते 'पुढे चला'. आमच्या लोकांना ऐकू आलं, "हां, नाव!"

आता चारचौघांत 'नाव' म्हटलं की मराठी माणसाला एकच नाव सुचतं. पहिला उभा होता केरबा लोहार. तलवारीकडं बघत तो कसाबसा म्हणाला, "भात्यात वारा, ऐरणीवर घण, चंद्रभागेचं नाव घेतो, धडधडतंय मन."

मग आली येसाजी पाटलांची पाळी. उभ्या जन्मात त्यांनी बायकोला 'अगं ए'शिवाय हाक मारली नव्हती. ऐन वेळेला नावच आठवेना! घराण्याचा मान चालला, आणि खालच्या आळीचे पाटील तर मिशीत हसायला लागलेले. शेवटी येसाजी बायकांच्या घोळक्याकडं वळले.

"अगं ए... तुझं नाव काय गं?"

सारं गाव खो खो हसलं. पाटलीणबाई मात्र हसल्या नाहीत. पदर सावरून म्हणाल्या, "गुणवंता. लग्नात तुम्हीच ठेवलं होतं, तांदळात लिहून."

पाटलांना फार वाईट वाटलं, असं सांगतात. त्यांनी पागोटं काढून नाव घेतलं, बिनउखाण्याचंच, आणि केरबाला म्हणाले, "पुढचा दांडा तू धर. तुला तोंडपाठ आहे." ते स्वतः मागच्या दांड्याला लागले. पालखी नदीवर गेली.

बादशहाचं मागं काय काय उरलं, ते तुम्ही शिकलेली माणसं जाणा. आमच्याकडं एवढं उरलं. आजही गुरव ह्या चौथऱ्यावरनं "आंन्नावां!" ओरडतो, आणि जो आधी नाव घेईल त्याला पुढचा दांडा, मग तो कुणी का असेना. आणि वरच्या आळीच्या पाटलांकडं आजही कुणी 'अगं ए' म्हटलं, की आतनं बाईचा आवाज येतो, "'ए' कोण? नाव घ्या!"