बुरुजावरचा आवाज

फार वर्षांमागे, दूरच्या समुद्रात लवंगांचं एक बेट होतं. बेटावर राज्य मात्र सातासमुद्रापलीकडच्या एका राजाचं. त्याचा सुभेदार तिथे राहायचा. लोकांनी लवंग तोडायची, वाळवायची आणि सगळी सुभेदाराच्या कोठारात नेऊन घालायची. घरच्या भातात चार लवंगा टाकल्या तरी फटके बसायचे.

सुभेदाराचे हुकूम ओरडून सांगायचं काम सटवोजी दवंडीवाल्याकडे होतं. गावचाच माणूस, आवाज खणखणीत.

एके वर्षी सुभेदाराने लहान मुलांनाही तोडणीला जुंपलं, आणि बेट पेटलं. पंच सटवोजीकडे आले. म्हणाले, "बारा वर्षं त्यांचे हुकूम सांगितलेस. आता आमचा एक सांग. सोमवारी सकाळी, बुरुजावरून. तू सांगितलंस की आम्ही कोठारावर चालून जाऊ."

"सांगतो," सटवोजी म्हणाला. त्याची छाती अभिमानाने भरून आली.

आठवडाभर तो घरात पंचांनी लिहून दिलेला जाहीरनामा घोकत राहिला. शेजारी मीठ विकणारी चिमाई लेकीसह राहायची. तिला वाचता येत नव्हतं, पण भिंतीपलीकडून ऐकून ऐकून तिलाही तो पाठ झाला.

सोमवारी मैदान माणसांनी भरलं. चिमाई मदतीला म्हणून कर्णा घेऊन सटवोजीबरोबर बुरुजाच्या आतल्या पायऱ्या चढली. अर्ध्या वाटेवर सटवोजीला झरोक्यातून सुभेदाराच्या शिपायांच्या बंदुका दिसल्या.

"चिमाई, घसा कोरडा पडलाय. पाणी पिऊन आलोच," असं म्हणून तो खाली उतरला आणि मिठाच्या वखारीत पोत्यांमागे जाऊन बसला.

तो येत नाही हे चिमाईने ओळखलं. खाली लोक वाट पाहत होते. तिने कर्णा तोंडाला लावला.

"ऐका हो ऐका! आजपासून हे बेट कुणाचं वतन नाही. इथली माती, इथलं पाणी, इथली लवंग इथल्याच माणसांची!"

कर्ण्यातून सगळ्यांचा आवाज सारखाच घोगरा येतो, आणि बुरुज उंच. खालून माणूस ओळखू येईना. लोक कोठारावर तुटून पडले. त्या धामधुमीत शिपायांनी चिमाईला धरलं आणि गलबतात घालून राजाच्या तुरुंगात पाठवलं. तीन महिन्यांत सुभेदाराने गाशा गुंडाळला. बेट स्वतंत्र झालं.

लोकांनी सटवोजीला खांद्यावर घेतलं. "काय आवाज दिलास रे!"

सटवोजीने तोंड उघडलं, पण तेवढ्यात कुणीतरी गळ्यात हार घातला. उद्या सांगू, असं त्याने मनाशी म्हटलं. उद्याचा परवा झाला, आणि सांगणं दर दिवशी जास्तच अवघड होत गेलं. चिमाई कुठे गेली, असं कुणी विचारलं, तर कुणी म्हणे, "वखारीत मीठ चोरताना सापडली असेल." सटवोजीच्या कानांवर ते आलं. तो मान खाली घालून पुढे गेला.

चार वर्षांनी राजाने कैदी सोडले. स्वातंत्र्याच्या वाढदिवशीच गलबत आलं. सटवोजी फेटा बांधून चौथऱ्यावर उभा होता, जाहीरनामा वाचायला. धक्क्यावर लेकीला भेटून, सगळं ऐकून चिमाई त्याच्या समोर आली. केस पांढरे, हातांवर बेड्यांचे वण.

"तू पळालास, त्याचा राग नाही मला," ती हळूच म्हणाली. "मीही घाबरलेच होते. पण माझ्या लेकीला, राधीला, चार वर्षं लोक चोराची पोर म्हणत होते, सटवोजी. तू इथेच होतास ना?"

सटवोजीला वाटलं, जमीन दुभंगावी. त्याने फेटा काढून खाली ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "तो आवाज माझा नव्हता. चिमाईचा होता. मी वखारीत लपलो होतो."

कुणी शिवी दिली नाही, कुणी दगड उचलला नाही. फक्त सगळ्यांनी नजर फिरवली. ते दगडांहून जड होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने हलगी घेतली आणि गल्लीगल्लीत स्वतःचीच दवंडी पिटत निघाला. शरमेने त्याचा खणखणीत आवाज सारखा फाटत होता. शेवटी तो राधीच्या दारात आला. शेजारपाजारचे जमले.

"ऐका हो ऐका! चिमाईने चोरी केली नाही. बेटाचं स्वातंत्र्य तिने पुकारलं. मी भ्यालो, आणि चार वर्षं तिचा मान मिरवला. तिच्या लेकीला लोक बोलले, तेव्हा मी गप्प बसलो."

राधी उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. तिचे डोळे कोरडे होते. ती म्हणाली, "पुन्हा सांगा. मागच्या लोकांना ऐकू गेलं नाही."

सटवोजीने हलगीवर थाप मारली, आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.

तात्पर्य एवढंच, मुलांनो: भीती कुणालाही वाटते, आणि तिची माफीही मिळते. पण दुसऱ्याचा मान आपल्या गळ्यात पडला, तर तो त्याच दिवशी उतरवून द्यावा. आपण गप्प राहतो तेवढे दिवस त्याची शिक्षा भलतंच कुणीतरी भोगत असतं.